शून्याचा खिळा

अडुसष्टचा मे. रात्रीचे अकरा.
साखर पेठेतल्या छापखान्यात मी खिळे जुळवत होतो.
बातमी दोन कॉलमांची:
मिलमधून सुताच्या गाठी पळवणारी टोळी.
उकाडा असा, की शिसं बोटांना चिकटत होतं.
ओळीच्या शेवटी एका खिळ्याची जागा उरली
आणि कोरे खिळे संपलेले.
मशीनवरून नरसय्या ओरडला,
"किती वेळ करलालास बे!"
हाताला आला तो बसवला.
सकाळी टोळी ४ जणांची होती ती
४० जणांची निघाली.

चौघांना मी ओळखत होतो, तोंडओळख.
रेवणप्पा, मौला, व्यंकटेश,
आणि एक लंगडा, ज्याला सगळे मास्तर म्हणायचे,
का ते कुणी विचारलं नाही.
चहा उधार प्यायचे. चाळीस कप कधी लागले नाहीत.

संपादक खूश. अंक दुपारीच संपला.
फौजदारानं कात्रण काढून फायलीत लावलं,
साहेबानं कात्रण वाचून फौजदाराला विचारलं,
"उरलेले छत्तीस कुठायत?"

छत्तीस हुडकायला लांब जावं लागलं नाही.
सेटलमेंटची तार निघून सोळा वर्षं झाली होती,
यादी निघाली नव्हती.
वरून खाली बोट फिरवत गेले,
छत्तीस झाल्यावर थांबले.

पुढं फौजदार निवृत्त झाले, आठवणी लिहिल्या.
पान एकशे बारा: "चाळीस होते. मी स्वतः मोजले."
खोटं नाही ते. मोजलेच असतील,
आत टाकल्यावर.

परवा केगावच्या विद्यापीठातून एक पोरगी आली,
श्रावंती मादगुंडी. पीएच.डी. करते,
सोलापुरातल्या टोळ्यांच्या इतिहासावर.
तिनं वाचून दाखवलं:
वृत्तपत्र, आरोपपत्र, आत्मचरित्र,
तिन्ही स्वतंत्र साधनं परस्परांना दुजोरा देतात.
मला एकच शून्य
तीनदा बोलताना ऐकू आलं.

सांगितलं तिला सगळं. अगदी नरसय्यासकट.
तिनं पेन थांबवलं, आणि हळूच,
माझं वय मनात धरून,
"काका, पुरावा?"

पेपरमिंटच्या डब्यात जपलेला खिळा आणून दिला.
प्रत्येक खिळा उलटा असतो, बाई,
आरशात धरल्याशिवाय सुलटा वाचता येत नाही.
शून्य तेवढं दोन्हीकडून सारखं.
हाच तो, हे मी कशावरून सांगू?
आणि खरं सांगायचं तर कधी कधी रात्री वाटतं,
वार्ताहरानंच चाळीस लिहिले असतील,
मी उगाच पाप माझ्या नावावर करून घेतलंय,
म्हातारपणी माणसाला काहीतरी आपलं हवं असतं.
ती कागदाची चिठ्ठी तर त्याच रात्री
शेंगांच्या टरफलांबरोबर झाडून गेली.

"अजून कुणी?" तिनं विचारलं.
म्हटलं, हौसाबाईकडे गेलीस?
"गेले होते. म्हणतात, मालक त्या रात्री
स्टेशनच्या मालधक्क्यावर हमालीला होते.
पण नाव विचारलं की गप्प.
'मौखिक, पुष्टी नाही' एवढंच लिहिलंय."

अगं, नवऱ्याचं नाव घेईल का ती अशी?
उखाण्यात विचार.

काल पुन्हा गेलो, दोघं मिळून.
हौसाबाई आधी पदरात हसली,
मग चुलीवरची कडक भाकरी उलटवत,
आमच्याकडे न बघता म्हणाली:

"मालधक्क्यावर गोणी, गोणीला ज्वारीची धार,
यल्लाप्पा रात्रभर ओझ्याखाली, मीच साक्षीदार."

आणि तव्यावरून हात काढला नाही,
भाजेपर्यंत.

रिक्षात श्रावंती वही उघडून बसली.
सात रस्ता आला, गेला.
"काका," ती म्हणाली,
"उखाणा तळटीपेत कसा देतात?"

मला कुठं माहीत.
मी आयुष्यभर फक्त ओळी भरल्या.